तुमचे प्रश्न : जनुक गप्प, कोळंबी तीच

प्रश्न : शेततळ्यात गोड्या पाण्यातली जंबो कोळंबी सोडायची आहे. ‘सगळे नर’ असे बीज मिळते म्हणतात. ते जनुक बदललेले असते का? – एक द्राक्ष बागायतदार, निफाड

नाही. जनुक काही काळ गप्प केलेले असते, आणि तेही तुमच्या तळ्यातल्या कोळंबीत नव्हे, तिच्या आईत.

नराच्या पाचव्या चालपायाच्या बुडाशी एक बारीकशी ग्रंथी असते. तिच्यातले इन्सुलिनसारखे संप्रेरक पिल्लाला नर बनवते. या संप्रेरकाच्या जनुकाशी जुळणारा दुपदरी आरएनए (जनुकाचा निरोप वाहणाऱ्या रेणूची दोन पदरांची नक्कल) टोचला, की पेशी त्याचे बारीक तुकडे करते आणि त्यांच्या आधाराने जनुकाचा निरोपच फाडून टाकते. डीएनएला हात लागत नाही. ही यंत्रणा उलगडणारा फायर आणि मेलो यांचा शोधनिबंध 1998 चा. त्यांना नोबेल मिळाले 2006 मध्ये. कोळंबीत ती वापरून दाखवली इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठात, आमिर सागी यांच्या गटाने.

नराची बाह्य खूण उमटण्याआधीच पिल्लाला टोचले, तर ते वाढून अंडी देणारी मादी होते. गुणसूत्रे मात्र नराचीच, म्हणजे झेडझेड (साधी मादी झेडडब्ल्यू असते). कागदोपत्री नर असलेली ही आई साध्या नराशी जुळवली की सगळी पिल्ले झेडझेड, म्हणजे नर. टोचलेला आरएनए पिल्लांत उतरत नाही. ग्राहकालाही एवढेच सांगा.

सगळे नर म्हणजे सगळे एका मापाचे, असे मात्र समजू नका. निळ्या नांगीचे दांडगे नर बारक्यांना वाढू देत नाहीत. मोठे वेळोवेळी काढून घ्यावे लागतात. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात लपायला जागा नसते आणि कात टाकलेली मऊ कोळंबी बाकीच्या खातात, म्हणून जुनी जाळी, फांद्या टाका. निफाडच्या थंडीचाही हिशेब हवा: कोळंबीला 28 ते 31 अंश पाणी मानवते, 14 च्या खाली ती मरते. पाणी तापू लागल्यावर सोडा आणि डिसेंबरच्या आधी काढा. फवारणीचा पंप शेततळ्यात विसळला जाणार असेल तर कोळंबीचा नाद सोडलेला बरा. सिंथेटिक पायरेथ्रॉइड माशाआधी तिला मारते.

प्रश्न : नर कोळंबीत याच जनुकाविरुद्ध दुपदरी आरएनए टोचला. क्यूपीसीआरमध्ये (जनुकाचा निरोप किती आहे ते मोजणारी चाचणी) फरक दिसत नाही. दोन नगांत तर जनुक वाढलेले दिसते! – एमएस्सीची विद्यार्थिनी, नाशिक

‘वाढलेले’ दिसते ते बहुधा तुम्ही टोचलेलेच. क्यूपीसीआरचे प्रायमर (मोजायचा भाग पकडणारे छोटे तुकडे) दुपदरी आरएनएच्या पट्ट्यात पडत असतील तर यंत्र तोच मोजते. निदान एक प्रायमर त्या पट्ट्याबाहेर घ्या.

मग ऊतक पाहा. हे जनुक त्या ग्रंथीतच बोलते. शेपटीचा स्नायू घेतला असेल तर गप्प करायला तिथे काही नव्हतेच. पाचव्या पायाच्या बुडाशी शुक्रवाहिनीचे टोक असते. ते ग्रंथीसकट काढा.

तिसरी गोची सिरिंजची. प्रकाशित प्रयोगांतला डोस धरा: कोळंबीच्या वजनाच्या दर ग्रॅमला 5 मायक्रोग्रॅम, दर आठवड्याला. 4 ग्रॅमच्या नराला 20 मायक्रोग्रॅम. द्रावण मायक्रोलिटरला 2 मायक्रोग्रॅमचे असेल तर टोचायचे 10 मायक्रोलिटर. औषधाच्या दुकानातल्या, मिलिलिटरला 40 युनिटच्या इन्सुलिन सिरिंजवर एक युनिट म्हणजे 25 मायक्रोलिटर! अर्ध्या घराच्या आत तुम्ही अंदाज मारताय. काचेची, मायक्रोलिटर मोजणारी हॅमिल्टन सिरिंज घ्या, पायाच्या बुडाच्या मऊ पडद्यातून तिरकी सुई घाला आणि लगेच उपसू नका, नाहीतर द्रव बाहेर येतो. नुकती कात टाकलेली कोळंबी वगळा.

आरएनए जेलवर (रेणू आकारानुसार वेगळे करणारा थर) एकच नेटका पट्टा दाखवतो का, हेही पाहा. खाली धुरासारखा ओघळ दिसला तर तो तुटलाय किंवा दोन पदर नीट जुळलेले नाहीत: 70 अंशांवर 10 मिनिटे ठेवून हळूहळू थंड होऊ द्या. एकपदरी उरलेला काढायला आरएनेज ए (आरएनए कापणारे विकर) वापरत असाल तर मिठाचे प्रमाण पुरेसे ठेवा. मीठ कमी पडले की ते दुपदरीही कापते.

नियंत्रण गटाला नुसते सलाइन पुरत नाही. कोणताही परका दुपदरी आरएनए दिसला की कोळंबीचे शरीर विषाणू आल्यासारखे वागते. म्हणून त्यांना जीएफपीचा (जेलीफिशचे चमकणारे प्रथिन, कोळंबीत नसलेले) दुपदरी आरएनए द्या, त्याच डोसात. आणि मोठ्या नराची मादी होण्याची वाट पाहू नका. त्या वयात फार तर शुक्राणू बनणे थांबते.

प्रश्न : बीज खरेच सगळे नर आहे, हे घरी कसे ओळखावे? – सिन्नर

पोस्ट लार्व्हा (विकत मिळणारी बारीक पिल्ले) पाहून नाही ओळखता येत. थोडी वाढवून शंभरेक नग उलटे करून पाहा. नराच्या पोटाच्या पहिल्या खंडाखाली मधोमध कठीण टोक बोटाला लागते, आणि पोहण्याच्या पायांच्या दुसऱ्या जोडीवर एक जादा काडी असते. साध्या बीजात निम्म्याच्या आसपास माद्या निघतील.

प्रश्न : पांढऱ्या शेपटीच्या रोगावर खाद्यातून देण्याचे आरएनए औषध घ्यावे का? – दिंडोरी

घेऊ नका. उघडा आरएनए पाण्यात आणि आतड्यात टिकत नाही. प्रयोगशाळेतले यश तळ्यात उतरलेले नाही. हा रोग करणारा नोडाव्हायरस मोठ्या कोळंबीत लक्षण न दाखवता बसतो आणि पिल्ले थोड्याच दिवसांत संपवतो. तेच पैसे बीजाच्या पीसीआर तपासणीला (विषाणूचा जनुकीय माग शोधणारी चाचणी) घाला, आणि अहवालावरचा लॉट नंबर पिशवीवरच्या नंबराशी जुळतो का, ते पिशवी सोडण्याआधी बघा.