आजोबांच्या फोटोतलं विमान

प्रश्न : आजोबा लोहगावच्या हवाई तळावर मेकॅनिक होते. त्यांच्या ट्रंकेत एक कृष्णधवल फोटो सापडला. एका मोठ्या विमानापुढे ते सहकाऱ्यांबरोबर उभे आहेत. घरात सगळे त्याला 'डाकोटा' म्हणतात. खरंच डाकोटा आहे का? फोटो कधीचा असेल?
– एक वाचक, येरवडा

उत्तर : डाकोटा नाही. डाकोटाला इंजिनं दोन आणि शेपटीवर उभं पातं एकच. तुमच्या फोटोत चार इंजिनं आहेत आणि शेपटीच्या दोन टोकांना दोन लंबगोल पाती. एवढ्यावरून कुणी लँकेस्टर, म्हणजे ब्रिटिशांचं चार इंजिनांचं बॉम्बफेकी विमान म्हणेल. पण लँकेस्टरचं तिसरं चाक शेपटीखाली असतं, त्यामुळे जमिनीवर ते मागे बसल्यासारखं दिसतं. हे विमान आडवं उभं आहे, चाक नाकाखाली आहे आणि लांब, अरुंद पंख पोटाच्या वरच्या अंगाला जोडलेत. हे अमेरिकन बी-२४ लिबरेटर. पोटाखाली नीट बघा, बॉम्बकप्प्याची दारं दुकानाच्या शटरसारखी बाजूंवर सरकलेली दिसतील.

या विमानांची कथा मला फार प्रिय आहे. महायुद्ध संपल्यावर ती कानपूरला टाकून दिली गेली, तीही परत वापरता येऊ नयेत म्हणून मोडतोड करून. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या माणसांनी तिथेच ती कशीबशी उडण्याजोगी केली, बंगळूरला उडवत नेली आणि नव्यानं बांधली. १९४८पासून ती हवाई दलात आली. १९५१मध्ये सहा नंबरची स्क्वाड्रन पुण्यात लिबरेटरवर पुन्हा उभी राहिली. काम समुद्रावरच्या टेहळणीचं. अशी विमानं उडती ठेवणं म्हणजे तुमच्या आजोबांसारख्यांच्या हातांचं कसब.

आता काळ. विमानाच्या अंगावरच्या गोल खुणेत आरे असलेलं अशोकचक्र दिसलं, तर फोटो १९४८ ते १९५०च्या सुमाराचा. तुमच्या फोटोत नुसती एकात एक वर्तुळं आहेत, म्हणजे तिरंगी खूण, त्यानंतरची. लिबरेटर १९६८मध्ये निवृत्त झाली, तेव्हा दुसरी मर्यादाही मिळाली. छटांवरून रंग मात्र ठरवू नका. काही जुन्या फिल्मवर केशरी जवळजवळ काळा येतो.

पाठवलेल्या प्रतीत शेपटीकडची बाजू कापली गेली आहे. तिथे 'एचई' या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असायला हवा आणि त्यावरून नेमकं विमान सापडू शकतं. म्हणून मूळ फोटो कडांसकट, मागच्या बाजूसह स्कॅन करून पाठवा. आणि त्या सहकाऱ्यांची नावं सांगू शकणारं कुणी घरात असेल, तर आजच विचारून घ्या. पेनानं फोटोच्या पाठीवर लिहू नका, वेगळ्या कागदावर लिहा.