लॅपटॉप खोलीवर ठेवून जा

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. टांझानियातल्या मोशीहून घरी निघायला महिना राहिलाय, तिथल्या बायका म्हणतात ‘तू गेलीस तर बचत गटाचा हिशोब कोण बघणार’, आणि तुला त्याचं वाईट वाटतंय, पण आतून जरा बरंही वाटतंय. ते बरं वाटणं तू लपवलं नाहीस म्हणून हे पत्र. ‘छान काम केलंस’ म्हणणारे यावल तालुक्यात पुष्कळ आहेत, तू उतरशील त्या दिवशी हार घेऊन स्टँडवर उभे असतील.

मला एकच सांगायचंय. आपण निघालो की आपल्यावाचून कुणाचं अडता कामा नये. झांझिबार, घरी आल्यावर करमेल की नाही, वडील स्थळं बघतायत, ते सगळं मागाहून.

गटाच्या पेटीला तीन कुलपं आहेत, तीन किल्ल्या तीन बायकांकडे असतात, हे तूच कळवलं होतंस. एकटीने ठरवलं तरी पेटी उघडत नाही. केवढं शहाणपण! आणि तू काय केलंस? हप्ते, व्याज, थकबाकी, सगळं एक्सेलमध्ये चढवलंस. दिसायला देखणं. पण आता पैसा पेटीत आणि हिशोब तुझ्या लॅपटॉपमध्ये. चौथं कुलूप तू लावलंस, आणि त्याची किल्ली घेऊन तू मुंबईच्या विमानात बसणार. त्यात तिकडच्या कितीतरी गावांत दुकान आणि खातेवही पिढ्यान्‌पिढ्या आपल्या गुजराती मंडळींच्या हातात राहिलेली. तू मायेने गेलीस, कबूल. वही तरीही भारतीयाच्याच हातात ना?

राग आला तर येऊ दे. पण पुढच्या बैठकीला लॅपटॉप खोलीवर ठेवून जा. जिचं अक्षर बरं आहे तिला लिहू दे, तिनेच आकडे मोठ्याने वाचावेत, चुकली तर शेजारणीने टोकावं. तू मागे बस आणि तोंड उघडू नकोस. बैठक दुप्पट वेळ चालेल. चालू दे! तुझी बस चुकणार आहे का?

तू केळीपट्ट्यातली, साक्रीकडे पांझरेवरचे फड पाहिले नसशील. शेकडो वर्षांची पद्धत ती. बंधाऱ्यातून पाट काढलेला, शिवाराचे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि पाणी फिरवणारा पाटकरी गावानेच नेमलेला. किलिमांजारोच्या उतारावर चग्गा लोकांनीही डोंगरातल्या ओढ्यांवरून असेच पाट आणलेत, पाळ्या लावून पाणी घेतात. पाटातला गाळ काढायला दोन्हीकडे गावच उतरतं. आपल्यासारख्या पाहुण्याची तिथे वाट बघत कुणी बसलं नव्हतं. म्हणून पुन्हा सांगतो, आपल्यावाचून अडता कामा नये.

मीही आफ्रिकेत होतो, तुला माहीत आहे. परतायच्या आधी बरोबरची सगळी व्हिक्टोरिया धबधबा बघायला गेली. पंपाच्या सुट्या भागांची नोंदवही तिथल्या पोराला अजून जमत नव्हती, म्हणून मी थांबलो. धबधबा राहिला तो राहिलाच. टीव्हीवर दिसला तरी मी चॅनल बदलतो. तुझी काकू म्हणते, चार दिवसांनी काय बिघडलं असतं? बिघडलं असतं! त्या पोराचा मला नंतर एकदाही फोन आला नाही. लोक म्हणतात, विसरला तुम्हाला. विसरला असेल. पण त्याला फोन करायची गरजच पडली नाही, हे किती जणांना समजावत बसू?

तू मात्र फिरून ये, माझा कित्ता गिरवू नकोस. वही सोपवून झाली की झांझिबार सोड, तिथे सगळेच जातात. दार-ए-सलामहून ताझाराने झांबियात कापिरी म्पोशीपर्यंत जा. 1,860 किलोमीटर, चीनच्या मदतीने 1970 ते 1975 मध्ये बांधलेली रेल्वे. वेळापत्रकावर भरवसा ठेवू नकोस, दोन दिवसांचं खाणं जवळ असू दे. आपण भुसावळची माणसं, गाडी उशिरा येण्याचं आपल्याला काय कौतुक!

आणि घरी आल्यावर वडिलांना शेती शिकवायला बसू नकोस. मोशीकडे केळीच्या सावलीत कॉफी असते, एका परसात केळीच्या कितीतरी जाती असतात, आणि आपल्याकडे शिवारभर नुसती ग्रँड नैन, हे तुला दिसलं, चांगलं झालं. विचारतील तेव्हा सांग. आजीला मात्र पहिल्याच दिवशी सांग की तिकडे केळीची बिअर करतात. ती काय म्हणाली ते मला कळव.

बैठक शनिवारी असते ना? रविवारी लिही. वही कुणी लिहिली आणि बेरीज कितीदा चुकली, एवढंच. तिकिटाचं त्यानंतर बोलू.

तुझा,
काका