जुन्या गाडीचं वायरिंग: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझ्या सासऱ्यांची १९८२ ची प्रीमियर पद्मिनी आहे. गेल्या वर्षी तिचं पूर्ण डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं आणि तेव्हापासून लाइटची कटकट सुरू झाली. हेडलाइट पिवळट, मंद पडतात. उजवा इंडिकेटर दिला की त्याच बाजूचा पार्किंगचा दिवाही लुकलुकतो. बॅटरी, कटआउट (चार्जिंग सांभाळणारी डबी), दोन्ही बल्ब बदलून झाले. आता वायरमन म्हणतो, सगळं वायरिंग नवं टाका. पावसात रात्री त्र्यंबकहून परतायचं म्हणजे धास्तीच वाटते.
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर: ताई, वायरिंगला एवढ्यात हात लावू देऊ नका. तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य रंगकामाचं आहे.

या गाड्यांत बल्बपर्यंत वायर जाते ती एकच, परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा. यालाच ‘अर्थ’ म्हणतात. दिव्याचं घर जिथे पत्र्याला टेकतं किंवा अर्थची थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची कडी, जिथे बोल्टखाली बसते, तिथे उघडा धातू उघड्या धातूला भिडायला हवा. रंगारी मात्र त्या जागेवरही प्रायमर आणि रंग मारतो, आणि नंतर दिवा त्या रंगावरच बसवला जातो. मग करंट दुसरी वाट शोधतो. इंडिकेटरचा करंट पार्किंगच्या फिलामेंटमधून उलटा जाऊन दुसऱ्या दिव्यांमार्फत परततो, म्हणून दोन्ही एकत्र लुकलुकतात. हे लक्षण दिसलं की मी आधी त्या दिव्याचा अर्थ उघडतो, बाकी सगळं नंतर.

पण माझ्या शब्दावर विसंबू नका, मोजून बघा. साधा मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. गाडी रात्रभर उभी असताना चांगल्या चार्ज बॅटरीवर १२.६ च्या आसपास दिसेल. १२.२ दिसलं तर ती जेमतेम अर्धी भरलेली आहे, आधी चार्ज करून घ्या. मग हेडलाइट लावा. मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर, क्लॅम्पवर नव्हे, थेट शिशाच्या खुंटीवर धरा आणि लाल पिन होल्डरच्या अर्थवर टेकवा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. एक व्होल्ट दिसला तर दुखणं त्या वाटेवरच आहे. पार्किंग-इंडिकेटरच्या घरालाही उजवा इंडिकेटर चालू ठेवून हीच परीक्षा लावा. आता उलट बाजू: लाल पिन प्लस खुंटीवर, काळी बल्बच्या लाइव्ह टोकावर. इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर फ्यूजचे क्लिप, स्विच, कनेक्टर असं एकेक टप्पा मागे सरकत मोजा. जिथे आकडा एकदम खाली येतो, त्याच्या आधी नुकताच ओलांडलेला सांधा खराब.

दिवा चालू असतानाच मोजायचं, हे वायरमनला बजावून सांगा. बल्ब काढून मोजलं तर एका तंतूवर लोंबणारी वायरसुद्धा पूर्ण १२ व्होल्ट दाखवते आणि माणूस फसून बल्ब बदलत बसतो. व्होल्टेज दहा टक्के घटलं की बल्बचा उजेड साधारण तीस टक्क्यांनी घटतो. तुमचे दिवे पिवळे का दिसतात ते यातच आलं.

इलाज स्वस्त आहे. बोल्ट काढा, थिंबलच्या मापाएवढीच जागा पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर टाकून आवळा आणि सगळं बसल्यावर वरून व्हॅसलीन लावा. इंजिन आणि बॉडीला जोडणारी विणलेली अर्थपट्टी जागेवर आहे ना, तेही वाकून बघा. ती नसेल तर सेल्फ मारताना शंभराहून जास्त अँपिअर चोक किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतात आणि केबल तापते.

हॅलोजन बल्ब लावले असतील तर रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच, जरूर बसवा. ५५ वॅटचे दोन बल्ब मिळून नऊ अँपिअरच्या वर खेचतात, आणि हा भार जुन्या स्विचवर नको. बॅटरीकडून फ्यूजमार्फत रिलेच्या ३० नंबरच्या पिनला, ८७ वरून दिव्यांना, ८५ अर्थला आणि ८६ ला जुन्या स्विचची वायर. डिपर-अपर दोन्हींसाठी दोन रिले. तो मूळ स्विच टाकू नका. तसा बनवलेला आज सहज मिळत नाही, आणि सासऱ्यांच्या हाताला त्याचीच सवय असणार. आयडलिंगला चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणत असेल तर घाबरू नका. कमी फेऱ्यांवर डायनामोचं तसंच असतं. गाडी जरा रेस केली की तो विझायला हवा.

प्रश्न: माझ्या अ‍ॅम्बॅसिडरचा पेट्रोलचा काटा हलतच नाही. मीटर बदलू का?
– एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर: नको. आधी टाकीतल्या फ्लोटच्या (पेट्रोलवर तरंगणाऱ्या गोळ्याच्या) युनिटचा अर्थ तपासा. चावी बंद ठेवून युनिटच्या धातूच्या कडेपासून घासलेल्या पत्र्यापर्यंत एक वायर घट्ट जोडा आणि मगच चावी लावा. काटा हलला तर काम झालं. टाकीजवळ ठिणगी नको, म्हणून जोडणं-काढणं नेहमी चावी बंद करूनच.

प्रश्न: गाडीला अल्टरनेटर बसवलाय. गॅरेजवाला इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढतो आणि ‘गाडी बंद पडली नाही म्हणजे चार्जिंग ठीक’ म्हणतो. हे बरोबर का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर: अजिबात नाही, आणि पुन्हा करू देऊ नका. बॅटरी निघाली की व्होल्टेज उसळतं आणि अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात. वायर जागेवर ठेवा, इंजिन थोडं रेस करा आणि बॅटरीच्या खुंट्यांवर मीटर लावा. १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आकडा आला तर चार्जिंग ठीक आहे. त्याखाली आला तर आधी बेल्ट ढिला आहे का आणि अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतचे सांधे स्वच्छ आहेत का, ते बघा.