बारा मुलगे, एक बिछाना

प्रश्न : वडील शेवटच्या आजारात असताना त्यांनी आम्हा तिघा भावांना जवळ बोलावलं. मला आणि धाकट्याला तोंडभरून आशीर्वाद दिला. दादाला मात्र त्याच्या जुन्या वागण्यावरून सुनावलं आणि चारच दिवसांत ते गेले. दादाच्या मनातून ते बोलणं जात नाही. ज्यूंच्या धर्मग्रंथात मरणाच्या दारातला याकोब, ज्यूंचा मूळपुरुष, आपल्या बारा मुलांना असंच बोलतो म्हणे. मग त्याला आशीर्वाद का म्हणतात?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, रायगडकडची. नोकरी मराठीच्या शिक्षिकेची केली, पण तोरा, आमचा मूळ धर्मग्रंथ, लहानपणापासून कानावर आहे. त्यातल्या पहिल्या पुस्तकाचे, बेरेशीथचे, म्हणजे मराठी बायबलातल्या उत्पत्तीचे, हे शेवटचे अध्याय दरवर्षी ऐन थंडीत आमच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनास्थळात, वाचले जातात आणि याकोबाच्या थोरल्या मुलाची, रऊबेनची पाळी आली की मला दर वेळी गलबलतं.

याकोब 147 वर्षांचा. शेवटची 17 वर्षं मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये गेलेली, डोळे अधू. थोरल्या रऊबेनला तो आधी म्हणतो, तू माझं बळ, माझ्या सामर्थ्याचं पहिलं फळ. आणि लगेच : पण तू पाण्यासारखा उसळणारा, तुला मोठेपण राहणार नाही. रऊबेनने बापाच्या शेजेची मर्यादा मोडली होती, म्हणजे बापाच्या उपपत्नीशी संबंध ठेवला होता. ती गोष्ट याकोबाने इतकी वर्षं पोटात ठेवली होती. पुढे शिमोन आणि लेवी. बहीण दीना हिच्यावर अत्याचार झाला म्हणून या दोघांनी शखेम गावातले सगळे पुरुष कापून काढले होते. (ज्या दीनावरून हे झालं, तिला बिछान्यापाशी बोलावल्याचा उल्लेख नाही. हे मला आजही खुपतं.) पण याकोबाचे शब्द नीट पाहा. तो शाप देतो तो त्यांच्या रागाला. मुलांना नाही.

तुमचा प्रश्न 11व्या शतकात फ्रान्समधल्या रब्बी राशींनीही विचारला होता. अध्याय 49, वचन 28 म्हणतं की बापाने त्यांना आशीर्वाद दिला, ज्याला त्याला त्याच्या त्याच्या आशीर्वादाप्रमाणे. राशी विचारतात, काहींना तर नुसते बोल लावले, मग आशीर्वाद कसला? आणि उत्तर देतात : ‘त्यांना’ म्हटलंय ना, मग त्यात बाराही आले. रऊबेन, शिमोन, लेवीसुद्धा.

मला हे पटतं, कारण मागच्या दोन पिढ्या आठवतात. याकोबाचे आजोबा अब्राहाम, त्यांच्या घरातून त्यांच्याच मुलाला, इश्माएलला बाहेर काढलं. याकोबाचे वडील इसहाक, त्यांनी आशीर्वाद याकोबाला देऊन टाकला, तेव्हा त्याचा थोरला भाऊ एसाव हंबरडा फोडून म्हणाला, बाबा, तुमच्यापाशी एकच आशीर्वाद होता का? ते रडणं ज्याच्यामुळे झालं, तोच याकोब आता बिछान्यावर आहे आणि या खेपेला कुणालाही घराबाहेर काढलेलं नाही. यहूदाला राजदंड मिळाला, योसेफावर सगळ्यात जास्त शब्द खर्च झाले. वाटणी सारखी नव्हतीच. पण रऊबेन वारसांत राहिला. हेब्रोनच्या मकपेला गुहेत बापाला नेऊन पुरलं, ते सगळ्या मुलांनी मिळून.

तेव्हा बाबांना तसं म्हणायचं नव्हतं, आजारपणात माणूस काहीही बोलतो, अशी दादांची समजूत घालू नका. त्यांना ते खरं वाटणार नाही आणि वडिलांचाही अपमान होईल. जे बोलले ते बोलले. पण ज्याच्यावर पाणी सोडलं, त्याला कुणी मरताना जवळ बोलावून बोलत नाही. हे मात्र त्यांना जरूर सांगा.

आणखी एक करा. मराठी बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाचा 33वा अध्याय काढून दोघं मिळून वाचा. कितीतरी पिढ्या उलटल्या आहेत, आता याकोबाच्या वंशजांचा पुढारी मोशे मरणाच्या दारात आहे आणि याकोबासारखाच एकेका वंशाला आशीर्वाद देतोय. सुरुवात तो रऊबेनपासूनच करतो. ‘रऊबेन जगो, मरू नये.’ आणि ज्या लेवीला बापाने फटकारलं होतं, त्याच्या वंशाकडे पवित्र सेवा येते. मोशे स्वतः लेवीच्याच वंशातला.

दादांना पुढे काही विचारावंसं वाटलं, तर त्यांनाच लिहायला सांगा. मी उत्तर देईन.