कंपनीकडून जमीन घेताना
सातबाऱ्यावर कंपनीचं नाव दिसलं म्हणून लगेच इसार देऊ नका. सातबारा हा महसुली अभिलेख. मालकी ठरते ती खरेदीखत आणि त्यामागच्या दस्तांच्या साखळीवरून. वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल (जमिनीच्या जुन्या नोंदणीकृत दस्तांची तपासणी) घ्याच.

खरी गोम कर्जात असते. मूळ कागद बँकेत ठेवून कर्ज उचललेलं असतं आणि सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात त्याचा मागमूसही नसतो. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ७७ नुसार असा बोजा कंपनी निबंधकाकडे नोंदवावा लागतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तो तपासा. ‘मूळ कागद ऑडिटरकडे आहेत’ हे उत्तर ऐकलं, की मी तर तिथेच थांबतो.

जमिनीवर कोर्टात दावा चालू असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ मुळे निकाल तुम्हालाही बंधनकारक ठरू शकतो. सही करणाऱ्याकडे संचालक मंडळाचा ठराव आहे ना, तेही बघा.