उधाण म्हणजे वादळ नव्हे

एका वाचकांनी विचारले आहे की ‘चर्चेला उधाण आले’ असे आपण रोज वाचतो, तर या ‘उधाणा’चा अर्थ वादळ असा घ्यायचा का, आणि ‘नदीला उधाण आले’ असे लिहिलेले चालेल का?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी आहे. उधाण म्हणजे अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या आसपास येणारी मोठी भरती. त्या तिथींना चंद्र आणि सूर्य यांची ओढ एकाच रेषेत येते, म्हणून पाणी नेहमीपेक्षा वर चढते. आणि सर्वांत मोठे उधाण बहुधा त्या तिथीनंतर एकदोन दिवसांनी येते. त्यासाठी वारा सुटावा लागत नाही की आभाळ भरून यावे लागत नाही. लख्ख ऊन पडलेले असताना, वारा पूर्ण पडलेला असतानाही उधाणाचे पाणी खाडीत शिरते आणि खारजमिनीच्या बांधाच्या माथ्याला टेकते. त्याच वेळी वादळ आले तर पाणी आणखी चढते आणि बांध फुटतो, हे खरे. वादळाशी होणारी गल्लत बहुधा यातूनच आली असावी. ‘उधाणलेला वारा’ असे आपण म्हणतो, पण तो लाक्षणिक वापर आहे.

कोकणात भरतीची वेळ काढण्याचा जो तोंडी हिशेब आहे, त्यावरून हा शब्द तिथीशी किती घट्ट बांधलेला आहे ते कळते. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून पाणी तीनच्या सुमारास भरते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पुढची भरती सुमारे 12 तास 25 मिनिटांनी येते, म्हणून एकच हिशेब दिवसाला आणि रात्रीला दोन्हीकडे चालतो. नारळी पौर्णिमेला समुद्र भरलेला दिसतो तो याच कारणाने. ती पौर्णिमाच असल्यामुळे ते दिवस उधाणाचे असतात.

उधाणाची दुसरी बाजू शहरी मराठीतून जवळजवळ गळून गेली आहे, आणि मला तिचेच अधिक वाईट वाटते. पाणी जितके वर चढते तितकेच ते खाली उतरते; म्हणून ‘उधाणाची ओहोटी’ हा प्रयोगही तितकाच खरा आहे. एरवी पाण्याखाली राहणारे खडप त्या ओहोटीला उघडे पडते आणि खडकाला चिकटलेली कालवे फोडून काढायला बायका तिथवर जातात. त्यांच्या दृष्टीने उधाणाचे दिवस म्हणजे समुद्र लांब आत जाण्याचे दिवस. ओहोटीला किनाऱ्यावर ‘सुकती’ असाही शब्द आहे.

उधाणाचा जोडीदार शब्द ‘भांग’. अष्टमीच्या आसपास चंद्र आणि सूर्य यांची ओढ एकमेकींना काटकोनात पडते, त्यामुळे पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. ती भांगाची भरती. शालेय भूगोलात हा शब्द टिकून आहे, पण लाक्षणिक मराठीने तो उचललाच नाही. केसांचा भांग आणि प्यायची भांग यांच्या गर्दीत तो मागे पडला असावा.

आता वापराकडे येऊ. ‘उधाण’ नपुंसकलिंगी आहे. ते येते, आणि ज्याला येते त्याला ‘ला’ किंवा ‘ना’ लागतो: उत्साहाला उधाण आले, अफवांना उधाण आले. जी गोष्ट आधीपासून आहे, एकदम फुगते आणि पुन्हा ओसरणार आहे, तिलाच हा शब्द शोभतो. म्हणून ‘चर्चेला उधाण’ अगदी चपखल आहे, कारण चर्चा चार दिवसांत ओसरते. भाव वर्षानुवर्षे चढतच असतील तर ‘महागाईला उधाण’ मला खटकते. तिथे ‘महागाई भडकली’ हेच बरे. नदीला पूर येतो, उधाण येत नाही. मात्र मुखाजवळ, जिथे समुद्राचे पाणी आत चढते, तिथे ‘खाडीला उधाण आले’ हे बिनचूक आहे.

क्रियापदांकडेही लक्ष द्यावे. भरती येते, उधाण येते, पण ओहोटी ‘लागते’: ‘धंद्याला ओहोटी लागली.’ येणे एकदम जाणवते आणि लागणे हळूहळू सुरू होते, हा फरक किनाऱ्यावर तासभर बसून पाणी पाहिलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.