मामांच्या गिटारला नवा रंग द्यायचा का?

ठाण्याहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्या ५४ वर्षांच्या आहेत, सहकारी बँकेत नोकरी करतात, निवृत्तीला सहा वर्षं उरली आहेत. त्यांचे मामा सत्तरच्या दशकात मुंबईतल्या ऑर्केस्ट्रांत गिटार वाजवायचे. गेल्या दिवाळीत मामांनी आपली १९६६ची फेंडर स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे फेंडर या अमेरिकी कंपनीची विजेची गिटार, भाचीच्या हवाली केली. बोटीवर नोकरी करणाऱ्या एका मित्राकडून त्यांनी ती घेतली होती. कडांना काळा आणि मध्ये पिवळसर असा तिचा मूळ रंग आता जागोजागी उडाला आहे, आणि जिथे मामांचा हात टेकायचा तिथे लाकूड उघडं पडलं आहे. एका कारागिराने सगळा जुना रंग घासून काढून, पॉलिएस्टरचा चकचकीत लाल थर द्यायचे ४८,००० रुपये सांगितले आहेत. मुलाला ती स्टेजवर वाजवायची आहे. ताई लिहितात: “मुदत ठेव मोडून रंग करून घ्यावा का? पुढेमागे विकायची वेळ आली तर नव्यासारखी दिसणारी गिटार जास्त भावाने जाईल, असं घरात सगळ्यांनाच वाटतं. ओळखीच्या एका वादकाने आहे त्या स्थितीत सात लाखांपर्यंत अंदाज सांगितला आहे.”

ताई, रंग करू नका. निदान अजून तरी नाही. कारागिराला होकार कळवला असेल तर आजच फोन करून थांबवा, मग पुढचं वाचा.

तुमच्या घरचा विचार चुकीच्या जागेवरून आलेला नाही. आपण घर विकायचं तर आधी रंग काढतो, गाडी विकायची तर पॉलिश मारून आणतो. तांब्याच्या भांड्याला कल्हई केली की त्याचा उपयोग वाढतो, किंमतही वाढते. पण काही वस्तूंचा बाजार याच्या अगदी उलटा चालतो. जुनी शिवराई कुणी चिंच लावून लख्ख घासली की नाण्यांचा जाणकार ती बाजूला ठेवतो, कारण शेकडो वर्षांत तिच्यावर चढलेला थर गेला आणि तो परत आणता येत नाही. जुनी विजेची गिटार या दुसऱ्या जातीची आहे.

हे मी स्वतःच्या घरात शिकलो. वडिलांचं चावीचं स्विस घड्याळ माझ्याकडे आलं तेव्हा मी तिशीत होतो. तबकडी पिवळी पडली होती, आकडे पुसट झाले होते. मीच हट्टाने ती नव्याने रंगवून घेतली. घड्याळ सुंदर दिसू लागलं. पुढे एका संग्राहकाला दाखवलं तर त्याने मागचं झाकणही उघडलं नाही, तबकडीकडे पाहूनच परत दिलं. पैशांचं दुःख थोडंच होतं. वडिलांनी रोज सकाळी ज्या तबकडीकडे पाहिलं ती मी पुसून टाकली होती, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणून तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

आता तुमच्या गिटारचा हिशेब. जुन्या गिटारी विकणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे: मूळ रंग घालवून पुन्हा रंगवलेली गिटार साधारण निम्म्या भावाला जाते. हा कायदा नव्हे, पण विकत घेणारा बोलणी सुरू करतो ती तिथूनच. तुमच्या ओळखीच्या वादकाचा सात लाखांचा आकडा तूर्त खरा धरू. रंग दिल्यावर साडेतीन लाख उरतात, त्यात ४८,००० खिशातून गेलेले. म्हणजे जवळपास चार लाखांचं नुकसान, तेही पदरचे पैसे देऊन. हेच ४८,००० साडेसहा टक्क्यांनी दहा वर्षं ठेवीत राहिले तर ९० हजारांच्या पुढे जातात. तुमच्या निवृत्तीच्या दृष्टीने ही रक्कम लहान असली तरी खरी आहे.

उडालेल्या रंगाला एवढा मान का, असं तुम्ही विचाराल. त्या काळी फेंडर नायट्रोसेल्युलोज लॅकर वापरत असे. हा थर पातळ असतो, वर्षानुवर्षं आकसत राहतो, पिवळा पडतो, थंडी-उन्हाने त्यावर केसासारख्या बारीक भेगा पडतात. हातांच्या घामाने तो झिजतो. साठच्या दशकाच्या अखेरीस कारखाना जाड पॉलिएस्टरकडे वळला. त्यामुळे जुना पातळ थर हा त्या गिटारच्या जन्माचा दाखला ठरतो. शिवाय रंग घासताना पॉलिश पेपर नुसता रंग काढत नाही, त्याबरोबर लाकडाच्या कडांचा घाटही बदलतो. पुढे कुणी कितीही हुबेहूब रंग दिला तरी तो घाट परत येत नाही.

आयर्लंडचा रॉक गिटारवादक रॉरी गॅलाघर १९६१ची स्ट्रॅटोकास्टर वाजवायचा. १९६३मध्ये कॉर्क शहरातल्या दुकानातून ती त्याने सुमारे १०० पौंडांना उधारीवर घेतली होती. एकदा ती चोरीला गेली, पावसात भिजलेली सापडली. घामाने तिचा बहुतेक रंग गेला, नुसतं लाकूड दिसायचं. त्याने ती तशीच वाजवली. ऑक्टोबर २०२४मध्ये लंडनला बॉनहॅम्सच्या लिलावात ती शुल्कासह ८,८९,४०० पौंडांना गेली. अर्थात ही किंमत गॅलाघरच्या नावाची आहे, तुमच्या गिटारशी तिची तुलना नाही. पण एक गोष्ट तुम्हालाही लागू पडते. फेंडरच्या खास कारागिरांच्या विभागाने १९९५पासून नव्या गिटारी मुद्दाम झिजवून, रंग उडवून विकायला सुरुवात केली आणि लोक त्यासाठी जास्त पैसे मोजतात. तुमच्याकडे ती झीज खरी आहे, तुमच्याच माणसाच्या हाताची आहे, आणि ती पुसायला तुम्ही ४८,००० देणार आहात.

याला अपवादही आहेत. पिंक फ्लॉइड या बँडच्या डेव्हिड गिल्मरची काळी स्ट्रॅटोकास्टर मूळ रंगावर काळा रंग चढवलेली होती, तरी २०१९मध्ये ती जवळपास ४० लाख डॉलरला विकली गेली. जगभर नाव असलेल्या वादकाचा हात लागला की रंगाचा नियम मोडतो. मामांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, तुमच्या गिटारला हा अपवाद लागू होणार नाही.

पण मी अजून सात लाख धरून बोलतो आहे, आणि तो आकडा कुणी तपासलेला नाही. खर्च करायचाच असेल तर पहिला खर्च इथे करा. जुन्या गिटारींचं काम माहीत असलेल्या कारागिराकडून, तुमच्या डोळ्यांसमोर, ती एकदा उघडून बघा. मागच्या चार स्क्रूंच्या पट्टीवर मोठा एफ आणि सहा आकडी क्रमांक असायला हवा. नेक (गिटारचा दांडा) काढली की तिच्या टोकावर महिना आणि वर्षाचा शिक्का दिसतो. पुढचं प्लॅस्टिकचं आवरण (पिकगार्ड) उचललं की आवाजाच्या बटणांखालच्या पॉटवर आकडे असतात. उदाहरणार्थ १३७६६१८ म्हणजे सीटीएस कंपनीने १९६६च्या अठराव्या आठवड्यात बनवलेला भाग. शिक्का, क्रमांकाची पट्टी आणि पॉट यांची वर्षं एकमेकांशी जुळली पाहिजेत. या तपासणीत कुठलाही जुना डाग किंवा सोल्डर साफ करू देऊ नका. सगळ्याचे फोटो काढा आणि जुन्या गिटारींच्या दोन वेगवेगळ्या व्यापाऱ्यांना पाठवून लेखी किंमत मागा. ज्याला विकत घ्यायची आहे त्याच्याकडून किंमत ठरवून घेऊ नका.

वर्षाचं महत्त्व आणखी एका कारणाने आहे. जानेवारी १९६५मध्ये फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली गेली. त्याआधीच्या गिटारींना संग्राहक जास्त भाव देतात. तुमची १९६६ची आहे, म्हणजे त्या विक्रीनंतरची. सात लाखांच्या अंदाजात हे धरलं आहे का, हे त्या ओळखीच्या वादकाला जरूर विचारा.

तपासणीत एक गोष्ट अशी निघू शकते जिने माझा सल्ला बदलेल. मधल्या काळात कुणी गिटारवर आधीच नवा रंग मारला असेल, गॅरेजमधल्या गाडीच्या रंगाचा असेल, तर मूळपणाचा भाव तेव्हाच गेलेला आहे. अंधारात अतिनील दिव्याखाली जुनं लॅकर हिरवट-पिवळं चमकतं, नवा रंग तसा चमकत नाही. पिकगार्डखाली आणि नेकच्या खाचेतही खुणा सापडतात. रंग खरोखर दुसऱ्यांदा मारलेला निघाला तर पुन्हा रंगवण्याने फारसं बिघडणार नाही. मग ती घरच्या आनंदाची बाब होते आणि ४८,००० तुम्हाला परवडतात का, एवढाच प्रश्न राहतो. तेव्हाही पॉलिएस्टर आणि लाल नको. नायट्रो लॅकर आणि मूळचीच रंगसंगती मागा.

मुलाचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण वाजवली न गेलेली गिटार कपाटात मरते. त्याला ही गिटार नक्की वाजवू द्या. वाजण्यासाठी लागणारं काम करून घ्यायला माझी हरकत नाही: फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) झिजले असतील तर बदलणं, पॉट साफ करणं, तारा आणि बैठक नीट लावणं. फ्रेट हा झिजण्यासाठीच असलेला भाग आहे, टायरसारखा, त्याने किंमत रंगाइतकी पडत नाही. काढलेला प्रत्येक जुना भाग, अगदी एक स्क्रूसुद्धा, पाकिटात घालून वर तारीख लिहून ठेवा. स्टेजवर न्यायला मात्र त्याला दुसरी गिटार घेऊन द्या. फेंडरच्याच स्क्वायर या स्वस्त ब्रँडची चांगली नवी गिटार ४८,०००मध्ये बसते, आणि ती पडली, चोरीला गेली तर तुम्हाला रात्रीची झोप लागेल.

घरात ठेवतानाचं एक: साध्या स्टँडच्या रबराशी नायट्रो लॅकरची रासायनिक क्रिया होते आणि रंग चिकट होऊन निघतो. सुती कापड गुंडाळा, नाहीतर केसमध्येच ठेवा. ठाण्याच्या पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या हव्यात. पॉलिश कुठलंच नको, किंचित ओलं मऊ कापड पुरे.

कागदांचं थोडक्यात सांगतो. आईच्या भावाकडून मिळालेली भेट भाचीसाठी करमुक्त आहे, पण मामांच्या मुलांशी पुढे वाद नको म्हणून त्यांच्याकडून दोन ओळींचं सहीचं पत्र घ्या. स्वतःच्या वापरातल्या जंगम वस्तू आयकर कायद्याने भांडवली मालमत्तेतून वगळल्या आहेत. दागिने, चित्रं, कलाकृती यांना ती सूट नाही. वाजवली जाणारी गिटार या सुटीत बसायला हवी, तरी विकण्याआधी सीएंना एकदा विचारा. परदेशी विकायचा विचार असेल तर फ्रेटबोर्डचं लाकूड तपासून घ्या. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत फेंडर ब्राझिलियन रोझवुड वापरत असे, पुढे भारतातलं शिसवी लाकूड आलं. ब्राझिलियन रोझवुडवर १९९२पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे कडक निर्बंध आहेत आणि परवान्याशिवाय ती गिटार देशाबाहेर जाणार नाही. घराचा विमा असेल तर लेखी किंमत हातात आल्यावर गिटारची त्यात वेगळी नोंद करून घ्या.

आणि ताई, ही गिटार निवृत्तीच्या आकड्यात धरू नका. ती व्याज देत नाही, हव्या त्या दिवशी विकली जात नाही, आणि विकताना व्यापारी आपला वाटा घेतो. सहा वर्षांनी लागणारा पैसा भविष्य निर्वाह निधीत, ठेवीत आणि थोडा इक्विटी फंडात उभा राहिला पाहिजे. तो पुरेसा आहे की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. पुढच्या पत्रात त्याचे आकडे पाठवा. ठेव आहे तशी राहू दे. तपासणी आणि फ्रेटचा खर्च पगारातून दोन-तीन महिन्यांत भागेल.

एक काम मात्र या आठवड्यातच करा. मामा अजून आहेत, बोलते आहेत. गिटार घेऊन त्यांच्याकडे जा. ती मांडीवर द्या आणि मोबाईलवर त्यांचं बोलणं टिपून घ्या: कोणत्या साली घेतली, बोटीवरचा मित्र कोण, किती पैसे दिले, कुठल्या ऑर्केस्ट्रात वाजवली. जुना कार्यक्रमाचा फोटो असेल तर त्याच्या मागे त्यांच्या हाताने नावं लिहून घ्या. विकत घेणारा अशा नोंदींना भाव देतो. तुम्हाला ती कधीच विकावी लागली नाही, तर उजव्या हाताखाली लाकूड कसं उघडं पडलं ते मुलाला मामांच्याच आवाजात ऐकता येईल.